जेवणानंतरची साखर: घड्याळ कुठून लावावे आणि आकडा कसा वाचावा

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे उत्तराचा संदर्भ राहील. आपल्या आईंचे वय ६१ असून आठ वर्षांपासून त्यांना टाइप २ मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्रित गोळी व रात्री फक्त मेटफॉर्मिन असे औषध चालू आहे. उपाशीपोटीची साखर १०५ ते ११८ येते, परंतु जेवणानंतरची एके दिवशी १६५ तर दुसऱ्या दिवशी २४८ येते, आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ७.६ टक्के आली आहे. दोन तास जेवण सुरू केल्यापासून मोजावेत, संपल्यापासून मोजावेत की दीडच तास पुरे, याची आपल्याला घरी, लॅबमध्ये आणि औषधाच्या दुकानात तीन निरनिराळी उत्तरे मिळाली. त्यातच लॅबमध्ये रक्त दिले त्याच मिनिटाला घरच्या ग्लुकोमीटरने १८७ दाखवले आणि अहवालात १५८ छापून आले, त्यामुळे यंत्र बाद करावे की काय, अशी शंका आपल्याला आली आहे. शिवाय आईंना सुई टोचण्याचा कंटाळा आहे, तरी रोज मोजावे का, हेही आपण विचारले आहे.

घड्याळाचे उत्तर सोपे आहे. पहिला घास तोंडात गेला ती वेळ शून्य धरावी आणि तिथून दोन तासांनी मोजावे. जेवण संपण्याची वाट साखर पाहत नाही; पहिल्या काही घासांनंतर दहा-पंधरा मिनिटांतच ती रक्तात चढू लागते. मधुमेह नसलेल्या माणसात ती साधारण तासाभरात शिखर गाठते आणि दोन-तीन तासांत पूर्वपदाला येते. टाइप २ मधुमेहात जेवणाबरोबर झटकन बाहेर पडणारे इन्सुलिन आधी आटते, यकृतातून सुटणारी साखरही जेवणाच्या वेळी थांबायला हवी तितकी थांबत नाही, त्यामुळे शिखर उंच होते, उशिरा येते आणि उतारही रेंगाळतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांत मोजायला सांगते आणि बहुतेक प्रौढांसाठी १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आतला आकडा योग्य मानते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०११ च्या मार्गदर्शनात १६० ही मर्यादा सांगितली होती. म्हणजे दीड तास सांगणारा लॅबमधला माणूसही चुकत नाही. चूक होते ती आज दीड तासाने, उद्या दोन तासांनी आणि परवा जेवण संपल्यापासून अडीच तासांनी मोजून तिन्ही आकडे एका रांगेत मांडण्यात. एक वेळ ठरवावी आणि ती सोडू नये. दहा मिनिटे मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही.

मात्र आपल्याकडे पहिला घास कोणता, हेच अनेकदा ठरवता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या पुढच्या बहुतेक महिला सर्वांना वाढून झाल्यावर जेवायला बसतात. त्याआधी आमटीची चव घेतलेली असते, गरम पोळीचा तुकडा तोंडात टाकलेला असतो आणि जेवण झाल्यावर नातवाच्या ताटातला आणि पातेल्याच्या तळाचा भात वाया जाऊ नये म्हणून खाल्लेला असतो. अशा बाईंना आपण ‘किती वाजता जेवलात’ असे विचारले, तर त्या ताटावर बसल्याची वेळ सांगतात आणि ताटातले पदार्थ तेवढे सांगतात. मोजण्याच्या दिवशी तरी आईंना सर्वांबरोबर, एकाच बैठकीत जेवायला बसवा. हा सल्ला वैद्यकीय वाटत नाही याची मला कल्पना आहे, पण १६५ आणि २४८ यांतला काही फरक इथेच सापडण्याची शक्यता असते.

आता मूळ अडचणीकडे वळतो. आपण मला जेवणानंतरचे दोन आकडे दिले आहेत, परंतु त्या जेवणाआधी साखर किती होती, हे दिलेले नाही. समजा जेवणाआधी १९० होती आणि नंतर २४८ झाली, तर जेवणाने फक्त ५८ची भर घातली. दोष ताटात नसून आधीच्या काही तासांत आहे, मग तो सकाळच्या पोह्यांचा असेल किंवा अकरा वाजताच्या चहा-बिस्किटांचा. उलट जेवणाआधी ११० होती आणि नंतर २४८ झाली, तर १३८ची उडी त्या ताटाने मारली आहे. बाहेरून दोन्ही आकडे २४८च दिसतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. म्हणून जेवणानंतरची साखर मोजायची असेल, तर जेवणाला बसताना एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा, अशी जोडीनेच मोजावी, हा माझा पंचवीस वर्षांचा आग्रह आहे. सुटा आकडा फक्त भीती देतो किंवा फक्त दिलासा देतो. माझ्या कामात ५० पर्यंतची वाढ मी सहज स्वीकारतो, ८०च्या पुढे गेली की ताटाची चौकशी करतो. ही रेषा मी माझ्या सोयीसाठी आखलेली आहे, तिला नियमाचे वजन देऊ नये.

आईंच्या बाबतीत मोजायलाच हवे, असे मी कशावरून म्हणतो, त्याचे गणित साधे आहे. एचबीए१सी ७.६ टक्के म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांत रक्तातील साखरेची सरासरी १७१च्या आसपास होती. रोज सकाळी ११०-११५ दिसते आणि दिवसाची सरासरी १७१ आहे, तर उरलेल्या तासांत साखर पुष्कळ वर राहत असली पाहिजे, त्याशिवाय सरासरी जुळणार नाही. सकाळचा आकडा पाहून समाधान मानणाऱ्या घरांत ही फसगत फार होते. फ्रान्समधील माँपेलिए येथील मोनिए आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये इन्सुलिन न घेणाऱ्या २९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एचबीए१सी ७.३च्या खाली असलेल्या गटात वाढीव साखरेचा सुमारे ७० टक्के वाटा जेवणानंतरच्या चढाचा होता, आणि १०.२च्या वरच्या गटात तो ३० टक्क्यांवर आला होता. म्हणजे साखर फार बिघडलेली असते तेव्हा आधी उपाशीपोटीचा पाया खाली आणावा लागतो, आणि लक्ष्याच्या जवळ आल्यावर जेवणानंतरच्या टेकड्या अडवतात. आई या दुसऱ्या टप्प्यात आहेत.

एक खबरदारी मात्र घ्या. एचबीए१सी हा तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनवर बसलेल्या साखरेचा हिशेब असल्याने त्या पेशींचे काही बिनसले की तोही बिघडतो. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात तो खोटा वाढलेला येऊ शकतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांत खोटा कमीही येतो, आणि सिकलसेल बराच आढळतो अशा नंदुरबार, गडचिरोली किंवा विदर्भाच्या इतर भागांत काम करणारे डॉक्टर ही गोष्ट कायम ध्यानात ठेवतात. आईंचे हिमोग्लोबिन अलीकडे तपासलेले नसेल तर तपासून घ्या. ते ९ निघाले, तर माझे वरचे गणित मलाच पुन्हा मांडावे लागेल, आणि मग घरच्या जोड्यांचे महत्त्व आणखी वाढेल.

रोज मोजावे का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण अट घालून. इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ रुग्णांनी नुसते रोज मोजून वहीत लिहिले आणि त्यावरून काहीच बदलले नाही, तर त्याचा उपयोग फारच थोडा होतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या फुकट येत नाहीत आणि बोटेही दुखतात. मी आईंना नऊ दिवस मागेन. पहिले तीन दिवस फक्त नाश्त्याची जोडी, पुढचे तीन दिवस फक्त दुपारच्या जेवणाची, शेवटचे तीन दिवस फक्त रात्रीच्या जेवणाची. नऊ जोड्या म्हणजे अठरा पट्ट्या, पंचवीसच्या डबीत बसतात आणि सात उरतात. प्रत्येक जोडीपुढे ताटात काय व किती होते, गोळी केव्हा घेतली आणि नंतर आडवे झालात की घरात वावरलात, एवढे तीन शब्दांत लिहावे. या दिवसांत खाणे मुद्दाम सुधारू नये. आपल्याकडे साखर तपासायची म्हटली की माणूस परीक्षेला बसल्यासारखा वागतो. आदल्या रात्री भात सोडतो, लॅबमध्ये उपाशीपोटीचे रक्त दिल्यावर समोरच्या हॉटेलात दोनच इडल्या आणि बिनसाखरेचा चहा घेतो, आणि दोन तासांनी आलेला १४० घरी नेऊन सर्वांना दाखवतो. तो आकडा दोन इडल्यांचा असतो. रविवारच्या मटणाचा, वरण-भाताचा आणि संध्याकाळच्या भेळीचा हिशेब त्यात नसतो.

याचीच दुसरी बाजू गोळीची आहे. ‘रक्त द्यायचे होते म्हणून सकाळची गोळी घेतली नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून किमान दोनदा ऐकतो. जेवणानंतरची तपासणी ही औषध आणि अन्न मिळून काय घडते हे पाहण्यासाठी असते, त्यामुळे गोळी वगळली तर तपासणीचा हेतूच हरवतो. उपाशीपोटीचे रक्त देऊन झाले की नेहमीची गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी, नेहमीचाच नाश्ता करावा आणि मग दोन तास मोजावेत. उलट ग्लिमेपिराइड घेऊन लॅबच्या रांगेत उपाशी उभे राहू नये, कारण ही गोळी अन्न असो वा नसो, इन्सुलिन सोडवतेच आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते.

नऊ जोड्या हाती आल्या की बहुधा एक जेवण दोषी सापडते, आणि माझ्या अनुभवात ते पुष्कळदा नाश्ता असते. सकाळी शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद अनेकांत मंद असतो आणि आपला नाश्ता म्हणजे पोहे, उपमा, इडली, साबुदाण्याची खिचडी किंवा चहात बुडवलेले टोस्ट, म्हणजे जवळजवळ सगळा पिष्टमय. एका रुग्णाने पोह्यांचे प्रमाण अर्ध्यावर आणून उरलेली जागा मटकीच्या उसळीने भरली आणि त्याच घरात, त्याच गोळीवर, जोडीतील वाढ ११२ वरून ६०च्या आसपास आली. सर्वांचे असेच होईल असे मी म्हणत नाही. परंतु हे समजण्यासाठी त्याला डॉक्टरची गरज पडली नाही, चार पट्ट्या पुरल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुपारच्या ताटाबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. ज्वारीची भाकरी मधुमेहाला चालते असे सर्वजण म्हणतात, आणि ती मैद्याच्या पदार्थांपेक्षा खचितच बरी आहे, पण ‘चालते’ याचा अर्थ ‘मोजावी लागत नाही’ असा घेतला जातो. घरची एक मध्यम भाकरी साधारण ६० ग्रॅम पिठाची धरली, तर तीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके येतात. दोन भाकऱ्या आणि वर वाटीभर भात खाल्ला की शंभरी ओलांडली, आणि आठ वर्षे जुन्या मधुमेहात एवढा भार एका बैठकीत पेलणे स्वादुपिंडाला जड जाते. तुलनेसाठी सांगायचे तर मधुमेहाचे निदान करण्यासाठी आम्ही जे पाणी पाजतो, त्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज असते. अर्थात भाकरी ग्लुकोजच्या पाण्यापेक्षा सावकाश पचते, त्यामुळे ही तुलना शब्दशः घेऊ नये; तरी प्रमाणाचा अंदाज येतो.

ताटातला क्रमही एकदा बदलून पाहावा. आपल्या पद्धतीत पहिला घास वरण-भाताचा असतो. तो शेवटी नेऊन आधी कोशिंबीर, पालेभाजी आणि उसळ खाल्ली, तर पोटातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी होतो आणि साखरेचा चढ सौम्य होतो, असे लहान अभ्यासांत दिसले आहे. माझ्या रुग्णांतही काहींना याचा चांगला फायदा झाला, काहींना अजिबात नाही. जेवणानंतरच्या चालण्याचा फायदा मात्र मला जास्त भरवशाचा वाटतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांना काही दिवस दिवसातून एकदा अर्धा तास आणि काही दिवस प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालायला सांगितले. जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि सर्वांत मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. आपण म्हणतोच, शतपावली. ती दहा मिनिटे करावी आणि जेवून लगेच करावी, तास झाल्यावर निघू नये, कारण तोवर साखर बरीच चढलेली असते. आईंचे गुडघे दुखत असतील तर घरातल्या घरात, भिंतीचा आधार घेत चाललेलेही चालते.

तेला-तुपाचे जेवण मात्र दोन तासांच्या नियमाला चकवते. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, पण त्यावर शेंगदाण्याचे कूट आणि तूप असते, आणि स्निग्ध पदार्थ जठरातून अन्न पुढे जायला उशीर लावतात. अशा वेळी दोन तासांनी १७० दिसते, माणूस निश्चिंत होतो, आणि तीन-साडेतीन तासांनी तीच साखर २२० ला पोहोचलेली असते. बिर्याणी, पुरणपोळी आणि लग्नाच्या पंगतीचेही असेच. एखाद्या सणाच्या दिवशी कुतूहल म्हणून दोन तासांनी आणि पुन्हा साडेतीन तासांनी मोजून पाहा. त्यावरून औषध बदलायचे नाही, आपले शरीर त्या जेवणाशी कसे वागते एवढे कळेल.

आता यंत्र आणि लॅब यांच्या भांडणाबद्दल. १८७ आणि १५८ यांत आपल्याला दिसतो तेवढा विरोध मला दिसत नाही. ग्लुकोमीटर बोटाच्या टोकाच्या केशवाहिन्यांतील रक्त मोजतो, लॅब शिरेतले रक्त मोजते. उपाशीपोटी दोन्हींत साखर जवळजवळ सारखी असते. जेवणानंतर मात्र स्नायू वाटेत साखर उचलून घेत असतात, त्यामुळे शिरेत परतणाऱ्या रक्तात ती कमी भरते आणि बोटातला आकडा वीसेक अंकांनी, कधी त्याहून अधिक, वर राहू शकतो. त्यात यंत्राची स्वतःची मोकळीक मिसळा. ग्लुकोमीटरसाठीच्या २०१३ च्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून अधिक साखरेवर ९५ टक्के मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत आल्या तरी यंत्र उत्तीर्ण होते. तिसरे कारण लॅबच्या बाजूचे आहे. साखर टिकवून धरणाऱ्या फ्लोराइडच्या नळीत न घेतलेले रक्त तसेच ठेवून दिले, तर त्यातील पेशी साखर खात राहतात आणि ती दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. तालुक्याच्या गावात सकाळी जमा केलेल्या नळ्या दुपारच्या गाडीने जिल्ह्याला जात असतील, तर हा मुद्दा गौण राहत नाही. यंत्र तपासायचे असेल तर जेवणानंतर तुलना करू नका. उपाशीपोटी, त्याच पाच मिनिटांत बोटातले आणि शिरेतले रक्त घेऊन पडताळा. तिथे १५ टक्क्यांपेक्षा अधिक फरक दोनदा आला, तर यंत्र किंवा पट्ट्या बदला.

पट्ट्यांविषयी थोडे कठोर बोलतो. डबीचे झाकण उघडे राहिले की हवेतील दमटपणा पट्टीवरचे रसायन खराब करतो. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात मी याचे परिणाम पाहिले आहेत. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत, उन्हातल्या गाडीत ठेवू नयेत, दुसऱ्या डबीत काढून ठेवू नयेत आणि मुदत संपल्यावर वापरू नयेत. हाताचे तर विचारूच नका. मे महिन्यात एक सद्गृहस्थ ३४२ आकडा घेऊन घाबरून आले होते. आल्यावर त्यांना साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजायला लावले, तेव्हा १७६ आली. घरातून निघण्यापूर्वी त्यांनी पाहुण्यांसाठी हापूस चिरले होते, स्वतः एक फोडही खाल्ली नव्हती. बोटाला लागलेला रस स्पिरिटच्या बोळ्याने नीट निघत नाही, वाहत्या पाण्यानेच जातो. बोट ओले राहिले तर रक्त पातळ होऊन उलट कमी आकडा येतो, म्हणून कोरडे करणेही तितकेच आवश्यक आहे.

जोड्यांवरून काय करायचे, यात एक मर्यादा स्पष्ट सांगतो. जेवणानंतर २४८ दिसले म्हणून ग्लिमेपिराइड स्वतःच्या मनाने वाढवू नका. आईंची उपाशीपोटीची साखर आधीच १०५ पर्यंत उतरते. गोळी वाढवली तर दुपारची टेकडी थोडी खचेल, पण जेवणाला उशीर झालेल्या दिवशी साखर ७०च्या खाली जाण्याचा धोका पत्करावा लागेल. मुख्यतः जेवणानंतरच्या चढावर काम करणारी वेगळी औषधे आहेत, उदाहरणार्थ व्होग्लिबोज आणि अकार्बोज पिष्टमय पदार्थांचे पचन लांबवतात, ती पहिल्या घासाबरोबर घ्यावी लागतात आणि पोटात वात धरण्याची तक्रार त्यांनी होतेच. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांसारख्या गोळ्या जेवणाला जोडून इन्सुलिन वाढवतात. कोणती योग्य, हे आईंची मूत्रपिंडे, हृदय, वजन आणि खिसा पाहून त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे. यातले एक लक्षात ठेवण्यासारखे आहे: व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असताना ग्लिमेपिराइडमुळे साखर कमी झाली, तर घरातली साखर लवकर काम करत नाही, कारण तिचे पचनच त्या औषधाने अडवलेले असते. अशा घरात ग्लुकोजची पावडर हाताशी ठेवावी, १५ ग्रॅम पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे.

वर लिहिलेले सर्व आईंच्या परिस्थितीला धरून आहे, दुसऱ्याने ते जसेच्या तसे उचलू नये. गरोदरपणात जेवणानंतर एका तासाला १४०च्या आत आणि दोन तासांना १२०च्या आत असे कडक लक्ष्य असते, आणि तिथे रोज मोजणे टाळता येत नाही. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्याला डोस बरोबर होता का हे कळण्यासाठी जोड्या नेहमीच लागतात. ज्यांच्या जठराची हालचाल जुन्या मधुमेहाने मंदावली आहे, त्यांची साखर दोन तासांना खाली आणि चार तासांना वर असू शकते. ऐंशीच्या घरातील, एकटे राहणारे, पूर्वी साखर कमी होऊन पडलेले आजोबा असतील, तर जेवणानंतर २०० आले तरी मी त्यांना चैनीत जेवू देतो. आणि आईंच्या गुडघ्यात उद्या कोणी स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले, तर पुढचे काही दिवस दुपार-संध्याकाळची साखर चढेल. तेवढ्या दिवसांत जास्त वेळा मोजावे आणि डॉक्टरांना कळवावे. आकडा वारंवार ३००च्या वर येत असेल आणि सोबत तहान, उलट्या किंवा सुस्ती असेल, तर वही भरत बसू नये, त्याच दिवशी दाखवावे.

जेवणानंतरच्या आकड्याचा ध्यासही नको, कारण पुरावा तितका बळकट नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११००हून अधिक रुग्णांमध्ये एका गटाची जेवणानंतरची साखर आणि दुसऱ्या गटाची उपाशीपोटीची साखर इन्सुलिनने आटोक्यात ठेवण्याचा एक मोठा प्रयोग झाला, हार्ट-टू-डी नावाचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. हृदयाच्या पुढील घटनांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्यामुळे जेवणानंतरची साखर मी स्वतंत्र शत्रू मानत नाही. आईंची एचबीए१सी ७च्या जवळ आणण्याचा सध्या उरलेला मार्ग त्या टेकड्यांमधून जातो, म्हणून मी तिकडे पाहतो. त्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी या गडबडीत मागे पडली असेल, तर ती आधी करा.

नऊ दिवस झाल्यावर जे जेवण दोषी सापडेल, त्यात एकच बदल करावा, मग तो भाताचा असो, क्रमाचा असो की शतपावलीचा, आणि त्याच जेवणाच्या तीन जोड्या पुन्हा घ्याव्यात. एकदम तीन बदल केले तर गुण कोणाचा, हे कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तिन्ही सुटतात. उरलेल्या सातपैकी सहा पट्ट्या यालाच लागतील. त्यानंतर औषध बदलेपर्यंत पंधरा दिवसांतून एखादी जोडी पुरे, आणि सर्व वही पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवावी. नुसता शेवटचा आकडा तोंडी सांगू नये.

आईंच्या कंटाळ्यावर उपाय असा की बोटाच्या गुबगुबीत मध्यभागी टोचणे बंद करावे. तिथे संवेदना सर्वाधिक असते. कडेला, नखाच्या बाजूने टोचावे, कोमट पाण्याने हात धुतल्यावर टोचावे म्हणजे थेंब सहज येतो आणि बोट पिळावे लागत नाही. पिळले तर ऊतींतले पाणी मिसळून आकडाही चुकतो. टोचण्याच्या पेनवर खोली कमी-जास्त करण्याचे आकडे असतात, बहुतेक घरांत ते दुकानातून आले तसेच राहतात. दोनपासून सुरुवात करून थेंब येईल तिथे थांबावे. सुई दर वेळी नवी घ्यावी, बोथट सुईच जास्त दुखवते. आणि अंगठा व तर्जनी मोकळी सोडून उरलेली बोटे आळीपाळीने वापरावीत, म्हणजे भाकरी उलटताना आणि सुईत दोरा ओवताना त्यांना ठसठस जाणवणार नाही.